फिरत्या वाचनालयाच्या दोन बॅटऱ्या

त्या गाडीला खिडक्या नव्हत्या. सगळ्या भानगडीचं मूळ तिथं होतं.

मुळात ती पावाची गाडी होती की औषधांची, यावर कार्यालयात दोन मतं होती. वाचनालय खात्याकडे आली तेव्हा इंजिनामागं नुसता पत्र्याचा डबा होता. सुतारानं दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या मारल्या, वळणावर पुस्तकं अंगावर येऊ नयेत म्हणून प्रत्येक फळीला समोरून पट्टी लावली, मागच्या दाराला तीन पायऱ्या जोडल्या, आणि झालं फिरतं वाचनालय. चोवीसशे पुस्तकं, एक लोखंडी टेबल, एक स्टूल, आणि त्या स्टुलावर एकोणीस वर्षं बसलेल्या पुस्तकबाई. त्यांना खरं नाव होतं, पण ते हजेरीपटावरच असायचं. बाकी लहानथोरांच्या तोंडी पुस्तकबाईच.

खिडकी नाही म्हटल्यावर भर दुपारीही आत दिवे लावावे लागत. छताला सहा दिवे, आणि एक छोटा पंखा, जो बाईंच्या कपाळावरची बट तेवढी हलवायचा. एकेका थांब्यावर गाडी दोन-दोन तास उभी. इंजिन बंद, दिवे चालू. हे एका बॅटरीच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून वर्कशॉपनं पहिलीच्या शेजारी दुसरी बॅटरी ठेवली आणि दोघींना एकमेकींशी जोडून टाकलं. प्लसला प्लस, मायनसला मायनस. जोर तोच, पण दम दुप्पट. ड्रायव्हरच्या सीटखाली लाकडी खोक्यात त्या दोघी शेजारीशेजारी बसत.

आज सत्तरी ओलांडलेल्या बाई कधी दुपारी डोळे मिटून पडल्या, की त्यांना गाडी दिसण्याआधी तिचा वास येतो. जुना कागद, डिझेल, ओल्या छत्र्या, आणि या सगळ्यांच्या तळाशी, बॅटऱ्यांच्या खोक्यातून येणारी एक आंबूस झाक. सुनेला त्यांनी एकदा सांगितलंही होतं, की असा वास पुन्हा कुठंच आला नाही. सून म्हणाली, "बरं झालं की, आई." तिला काय सांगायचं, असं मनात म्हणून बाई हसल्या होत्या.

गाडी चालवणाऱ्याला सगळे 'सावकाश' म्हणत. भरधाव जाणारा ट्रक दिसला की तो खिडकीतून हात काढून "सावकाश!" म्हणायचा, पोरं पायऱ्या चढायला लागली की "सावकाश!", आणि कुणी त्यालाच लवकर चल म्हटलं तरी "सावकाश!" बाईंपेक्षा दहा वर्षांनी मोठा. बाई त्याला दादा म्हणत, तो त्यांना बाई. नाकासमोर चालणारा माणूस. गाडीच्या बाबतीत तर इतका जपणारा, की ब्रेक मारताना गाडीची माफी मागतोय असं वाटायचं.

दोघांचं बोलणं दिवसभर चालायचं. पुढच्या केबिनमध्ये तो, शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बाई, आणि दोन गावांच्या मध्ये सबंध जगाचा निकाल. दादाच्या मेव्हण्यानं घर कसं चुकीच्या बाजूनं बांधलं, बाईंच्या सासूबाई रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याशी कशा भांडतात, दगडखाणीवरच्या मुकादमाला प्रेमकथाच का लागतात. पुस्तक मात्र दादा उघडत नसे. म्हणायचा, "मी त्यांना एवढं फिरवतो, आता वाचूही मीच?"

तर या सुखाला दृष्ट लागली ती बॅटऱ्यांपायी.

सहाव्या वर्षी थंडीत गाडी सकाळी उठेना. चावी फिरवली की नुसतं कण्हणं. मग धक्का. सुरुवातीला कार्यालयाच्या आवारातले शिपाई ढकलायचे, पुढं पुढं तर थांब्यावरून निघतानाही गाडी हात वर करायला लागली. वाचकांनी याचं काही वाईट वाटून घेतलं नाही. उलट धक्का देणं हा वाचनालयाचाच एक नियम असल्यासारखं झालं. पुस्तक परत करायला उशीर करणाऱ्यानं मागून ढकलायचं, वेळेवर आणणाऱ्यानं बाजूनं. निवृत्त पोस्टमास्तर काठी बगलेत धरून एक हात लावायचे आणि गाडी सुरू झाली की सगळं श्रेय घ्यायचे. पुढं कितीतरी वर्षांनी बाईंना रस्त्यात भेटलेली माणसं पुस्तकांची नावं विसरलेली असत, पण "तुमची गाडी मी ढकललीय" हे अभिमानानं सांगत.

दादा मात्र शरमेनं अर्धा व्हायचा.

खात्याच्या भांडारात एक नियम होता. एक वस्तू निकामी झाली की तिच्या जागी एक मिळेल. पहिल्या जोडीतली एक बॅटरी गेली, तिच्या जागी नवी आली. शेजारची जुनी तशीच राहिली. आठ महिन्यांनी ती जुनी मेली, तिच्या जागी आणखी एक नवी. तोवर आधी आलेली नवी म्हातारीसारखी वागायला लागली होती. आणखी चार महिन्यांत ती गेली. दादा दर वेळी भांडारपालाला सांगायचा, "साहेब, एकदा दोन्ही बदला." भांडारपाल चष्म्यावरून बघायचा आणि म्हणायचा, "मेली किती? एक. मग देणार किती?" त्याच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला डोकं आपटणं. भिंत निदान ऐकून तरी घेते.

एका वर्षात तिसरी नवी बॅटरी मागितल्यावर भांडारपालानं ती दिली खरी, पण त्याच्या डोक्यात वेगळीच शंका आली. गेल्या वर्षी दिलेली कोरी बॅटरी बारा महिन्यांत मरेल कशी? कारखाना तर तीन वर्षांची हमी देतो. आणि भांडारातून निघताना प्रत्येक बॅटरीवर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला असतो, तो या मेलेलीवर का नाही? रंगाच्या जागी नुसते फोड आलेले. त्यानं दोन अधिक दोन केले आणि उत्तर काढलं, की ड्रायव्हरनं नवी बॅटरी बाहेर विकली आणि कुठलीतरी भंगारातली आणून बसवली.

बाईंना वरच्या साहेबांनी बोलावलं. साहेब तसे शांत, हळू आवाजात बोलणारे. त्यांनी विचारलं, "तुमच्या गैरहजेरीत गाडी ड्रायव्हरकडे असते का कधी?"

बाई खरं तेच बोलल्या. "गुरुवारी असते. मी कार्यालयात पुस्तकं लावते, तेव्हा ते डिझेल भरायला आणि वर्कशॉपला जातात. दुपारपर्यंत."

एवढंच. पण चार दिवसांनी दादाच्या हातात जो कागद पडला, त्यात लिहिलं होतं: 'सहकारी कर्मचाऱ्याच्या जबाबानुसार दर गुरुवारी वाहन आपल्या एकट्याच्या ताब्यात असते. सबब बॅटरीची अदलाबदल केल्याचा संशय आहे. खुलासा करावा.'

दादानं तो कागद केबिनमध्ये बसून वाचला. पुन्हा वाचला. घडी घालून खिशात ठेवला.

"दादा, मी असं म्हटलं नव्हतं हो," बाई म्हणाल्या.

"गुरुवार तर खराच आहे," तो म्हणाला, आणि गाडी सुरू करायला वाकला.

त्या दिवसापासून त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली. "चढा, बाई." "उतरा, बाई." बस. मेव्हण्याचं घर पुढं कुठपर्यंत आलं, ते कळायचं बंद झालं. केबिनमध्ये इंजिनाचा आवाज इतका मोठा असतो, हे बाईंना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आणि खरं सांगायचं तर बाईंच्या मनात एक काटा होता. कागद आल्यानंतरचे दोन दिवस त्यांनी स्वतः विचार केला होता, की खरंच विकली असेल का? दादाच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. माणसाचं काही सांगता येत नाही. घरी भांडी घासताना त्यांनी सासूबाईंना हळूच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

सासूबाई रेडिओचा आवाज कमी करून म्हणाल्या, "चोराला गाडी ढकलताना लाज वाटत नाही गं. त्याचं तोंड पाहिलंयस का तू, लोक ढकलायला लागले की?"

बाईंनी पाहिलं होतं. काटा निघाला, पण दोन दिवस तो तिथं होता, ही गोष्ट मात्र निघाली नाही.

आता नुसतं वाईट वाटून उपयोग नव्हता. पुढच्या गुरुवारी पुस्तकं लावायचं काम टाकून बाई गॅरेजच्या गल्लीत गेल्या. गल्लीच्या टोकाला बॅटरीवाल्या मावशीचं दुकान होतं. बापाकडून धंदा शिकलेली, पन्नाशीची, रबराचा एप्रन घातलेली बाई. एप्रनाबाहेर जेवढं कापड दिसायचं, तेवढ्याला ॲसिडनं पाडलेली बारीक भोकं. दुकानात भिंतीला लागून बॅटऱ्यांची रांग चार्जिंगला लावलेली, प्रत्येकीच्या तोंडावरची बुचं काढलेली, आतून बुडबुड्यांचा बारीक आवाज. कोपऱ्यात खायच्या सोड्याचा डबा, ॲसिड सांडलं तर वर टाकायला.

बाईंनी सगळं सांगितलं. मावशीनं मध्ये एकच प्रश्न विचारला. "नवी आणि जुनी एकत्र जोडता?"

"हो. भांडार एकच देतं."

मावशीनं कपाळावर हात मारला. "अगं, ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला! दुसरं काय होणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी उभी असते, तेव्हा तुम्हाला वाटतं दोघी झोपल्यात. दिवा बंद, पंखा बंद. पण जोडतार तर लागलेलीच ना? नवीत ताकद जास्त, जुनीत कमी. रात्रभर नवी जुनीला पाजत बसते. जुनीच्या पोटात भोक, तिला कितीही पाजा. सकाळपर्यंत दोघी रिकाम्या. रोज असं अर्धपोटी राहिलं की नवीच्या प्लेटांवर पांढरं साचतं, ते मग उतरत नाही. आणि इंजिन चालू असताना उलटं. जुनी अधाशासारखी करंट ओढते, तापते, उकळते, पाणी उडवते. तुमच्या एका बॅटरीत सारखं पाणी घालावं लागतं की नाही?"

"लागतं," बाई चाट पडून म्हणाल्या. "दादा म्हणायचे, हिला तहान फार."

"आणि ते उडालेलं ॲसिड शेजारणीच्या अंगावर. रंगाला फोड येतील नाहीतर काय? नंबर कुणी खोडला नाही, बाई. नंबर जळला."

बाई स्टुलावर बसल्याच. एवढी साधी गोष्ट. "मग जी मेली..."

"जी मेली ती जाताजाता दुसरीला अर्धी मारून गेली. तुम्ही त्या अर्धमेलीच्या गळ्यात पुन्हा नवी बांधलीत. असं किती वेळा? तीनदा ना?"

"पण दोन बॅटऱ्या जोडणंच चूक का?"

"छे! जोडा की. एका वयाच्या, एका जातीच्या, दोघी धडधाकट असल्या तर वर्षानुवर्षं चालतात. एकवेळ लहानमोठी चालेल, लहान तिच्या वाट्याचं देईल, मोठी तिच्या. पण तरणी आणि आजारी, हे नाही."

"हे तुम्ही आमच्या साहेबांना येऊन सांगाल?"

मावशीनं स्वतःच्या भोकाभोकांच्या बाहीकडे पाहिलं. "मी नाही येत तुमच्या गुळगुळीत फरशीवर. आणि सांगून कुणाला पटत नसतं. दाखवायला हवं. ते तूच कर. दोन्ही बॅटऱ्या आण, मी शिकवते."

बॅटऱ्या आणायच्या म्हणजे दादाला सांगायला हवं होतं. बाईंनी शुक्रवारी केबिनमध्ये घसा खाकरून सांगितलं. दादानं का, कशाला, काही विचारलं नाही. रविवारी सुट्टीच्या दिवशी त्यानं सीट उचलली, तारा सोडल्या, दोन्ही बॅटऱ्या हातगाडीवर घालून मावशीच्या दारात आणून ठेवल्या आणि बाहेर उभा राहिला. आत आला नाही, पण गेलाही नाही.

मावशीनं दोन्ही वेगवेगळ्या चार्जिंगला लावल्या. दुसऱ्या दिवशी रबरी फुग्याची काचेची नळी बाईंच्या हातात दिली. एकेका सेलमधलं, म्हणजे बॅटरीच्या कप्प्यातलं पाणी वर ओढायचं, आतला काटा किती तरंगतो ते बघायचं. पाणी दाट तर काटा वर, पाणी पातळ तर काटा खाली. नवीचे सहाही सेल हिरव्या पट्ट्यावर. चार-पाच महिन्यांपूर्वी आलेल्या जुनीचे पाच बरे, आणि तिसऱ्यात काटा तळाला जाऊन बसलेला.

"हे तिचं पोटातलं भोक," मावशी म्हणाली.

बाहेर उभ्या दादानं मान वाकडी करून आत पाहिलं.

मंगळवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर बाईंनी आधी जाड पुठ्ठा पसरला, त्यावर वर्तमानपत्रं, आणि त्यावर दादानं आणून दोन्ही बॅटऱ्या ठेवल्या. भांडारपालाला बोलावलं होतंच. तो दाराशी उभ्या दादाकडे बघत म्हणाला, "हे काय, प्रदर्शन मांडलंय?"

एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्या साहेबांसमोर इतकं बोलल्या त्या दिवशीच, आधी नाही आणि नंतरही नाही.

"साहेब, या दोन्ही परवापासून वेगळ्या ठेवल्यात. यांना दिवा नाही, पंखा नाही, गाडी नाही. मी फक्त यांना गाडीत जोडतात तशा जोडते. मध्ये हा एवढा टॉर्चचा बल्ब."

मायनसला मायनस तारेनं जोडला. मग प्लसवरून एक तार बल्बाला, बल्बाची दुसरी तार शेजारणीच्या प्लसला.

बल्ब पेटला. छान, पिवळा, स्वच्छ.

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "हा कशावर पेटलाय?"

"नवी जुनीला देते आहे, त्यावर. आपण दार लावून घरी गेलो, की रोज हेच चालतं. बल्ब नव्हता म्हणून दिसलं नाही, एवढंच."

भांडारपाल पुढं झाला, बॅटऱ्यांच्या मागं काही लपवलंय का ते बघितलं, तार काढली. बल्ब विझला. लावली. पेटला. पुन्हा काढली. पुन्हा लावली. पाचव्या वेळी साहेब म्हणाले, "अहो, आता पुरे."

"पण नियम आहे, साहेब. एक मेली तर एकच..."

तेव्हा बाईंना आपोआप सुचलं. "पुस्तकाला वाळवी लागली तर आपण काय करतो हो? खाल्लेलं तेवढं काढून नवं तिथंच ठेवतो का? अख्खी फळी रिकामी करतो ना?"

साहेब हसले. त्यांनी कागद ओढला आणि दोन ओळी लिहिल्या. एक, या गाडीच्या बॅटऱ्या यापुढे जोडीनंच बदलाव्यात, एकाच कारखान्याच्या, एकाच दिवशी. दोन, ड्रायव्हरवरचा संशय निराधार आहे. दुसऱ्या ओळीची प्रत त्यांनी दादाच्या हातात दिली. भांडारपाल जाताना दाराशी जरा थांबला. माफी बिफी त्याच्या स्वभावात नव्हती. "बल्ब कितीचा आहे हो? म्हणजे किती व्होल्टचा?" एवढं विचारून गेला. पुढं महिनाभर तो येईल त्याला हा प्रयोग करून दाखवायचा, जणू त्यानंच शोधला होता.

आठवड्यात दोन कोऱ्या, सारख्या बॅटऱ्या आल्या. त्या चांगल्या पाच वर्षं चालल्या. सकाळी चावी फिरवली की गाडी एका हाकेत उठायची. थांब्यावरचे लोक उलट हिरमुसले. पोस्टमास्तर तर म्हणाले, "आता आमची गरज संपली म्हणायची."

पण दादा बोलेना. पहिल्याच दिवशी परतताना बाईंनी विचारलं होतं, "झालं ना दादा, मनासारखं?"

"बॅटरीचं झालं, बाई," तो म्हणाला होता.

बाईंनी मग त्याला टोकलं नाही. दोन महिने गेले. त्याच्या मुलीचं लग्न झालं. बाई गेल्या, जेवल्या, आल्या. केबिनमध्ये तसंच गुमसुम.

मग एका बुधवारी गाडी दगडखाणीच्या वस्तीवर पोचली, तेव्हा बाईंच्या अंगात सणसणून ताप होता. स्टुलावर बसवेना. दादानं त्यांना पुढच्या सीटवर आडवं केलं, अंगावर आपला कोट टाकला आणि म्हणाला, "पडा. मी बघतो." लोक रांगेत उभे होते. बाईंना तापात नुसते आवाज ऐकू येत होते. दादा कुणाला तरी ठासून सांगत होता, "घ्या हो, चांगलं आहे. जाड आहे बघा किती!"

दोन दिवसांनी ताप उतरल्यावर बाईंनी नोंदवही उघडली. दादानं आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकं वाटली होती, तीही वजनावर. खाणीच्या मुकादमाला त्यानं कोंबड्यांचे रोग दिले होते. तिसरीतल्या पोरीला जमिनीच्या कायद्याचा दुसरा खंड. शाळेच्या मुख्याध्यापिकेला कुस्तीचे डाव. आणि तिकडे मुलीकडे राहायला आलेल्या पोस्टमास्तरांना, वय वर्षं चौऱ्याहत्तर, 'गर्भवतीची काळजी'.

बाईंना हसू फुटलं. आधी त्यांनी ते दाबलं, मग दाबता येईना. पदर तोंडात धरून त्या हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी. दादा गाडी चालवत तिरक्या नजरेनं बघत होता.

"काय झालं?"

"पोस्टमास्तर, दादा... पोस्टमास्तर..." त्यांनी वही त्याच्यासमोर धरली.

त्यानं गाडी कडेला घेतली. सावकाश. ओळीवर बोट ठेवून वाचलं. "मला वाटलं, गर्भवती म्हणजे कुणाचंतरी नाव आहे. ते काही बोललेही नाहीत! मान डोलावून घेऊन गेले."

"ते कसले बोलतायत? पुढच्या बुधवारी मुदत वाढवून मागतील बघा!"

आणि खरंच पुढच्या बुधवारी पोस्टमास्तरांनी मुदत वाढवून मागितली. "अर्धं राहिलंय," ते गंभीरपणे म्हणाले. केबिनमध्ये परतताना दोघं इतकं हसले, की दादाला पुन्हा गाडी थांबवावी लागली. डोळे पुसून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, त्या मेव्हण्याच्या घराचं सांगायचंच राहिलं बघा." आणि थांबलेलं सगळं जग पुन्हा चालू झालं.

ती गाडी पुढं तेरा वर्षं चालली. मग गावोगाव वाचनालयाच्या खोल्या झाल्या, गाडीचं काम संपलं. दादा त्याआधीच निवृत्त झाला होता. शेवटची दोन वर्षं एक तरुण ड्रायव्हर होता, गाडी चांगली चालवायचा, पण कानात सतत गाणी. बाईही निवृत्त झाल्या, सासूबाई गेल्या, घरात सून आली, नातू आला. दादाची भेट लग्नकार्यात, तीही घाईत.

गेल्या वर्षी बाई मुद्दाम त्याच्या घरी गेल्या. दोन बस बदलून. लहानसं घर, पुढं कुंड्यांची रांग, अंगणात दोरीवर चादरी. दादा ऐंशीचा झाला होता, गुडघ्यांनी संप केलेला. दारापर्यंत यायला त्याला इतका वेळ लागला, की आतून तोच ओरडला, "आलो, आलो!" त्याची बायको चहा टाकायला आत गेली. दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसले आणि एकेक थांबा आठवत सबंध मार्ग फिरून आले. कुठल्या वळणावर कुठला कुत्रा अंगावर यायचा इथपर्यंत. कोण कोण राहिलं, कोण गेलं. मावशीच्या दुकानाच्या जागी आता काय आहे.

मग बाई म्हणाल्या, "दादा, एक सांगायचं होतं. इतकी वर्षं सांगायचं होतं."

"सांगा की."

"तो कागद आला ना, तेव्हा... दोन दिवस माझ्याही मनात आलं होतं. की तुम्हीच विकली असेल. दोनच दिवस. पण आलं होतं."

बाईंनी मान खाली घातली. दोरीवरची चादर वाऱ्यानं फुगली आणि पुन्हा खाली बसली.

"दोनच दिवस?" दादा म्हणाला. "बाई, माझ्या बायकोनं आठ दिवस घेतले होते."

स्वयंपाकघरातून कपबशीचा आवाज थांबला.

"आठ नाही हां, पाच!" आतून आवाज आला. "आणि त्यातले दोन तर मी माहेरी होते!"